अकलोली-वज्रेश्वरीच्या गरम कुंडांवर जाताय? दिवस असा आखा

भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठाला अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरी इथं गरम पाण्याचे झरे आहेत. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल मुरतं, तिथं तापतं आणि वर येतं.

सकाळी लवकर निघा, शक्यतो रविवार टाळा. आधी अकलोलीला आंघोळ, मग वज्रेश्वरीचं दर्शन, त्यानंतर जेवण आणि शेवटी गणेशपुरी. भरल्या पोटी कुंडात उतरू नका.

सगळी कुंडं सारखी गरम नसतात. काहींचं पाणी ५० अंशांच्या आसपास असतं, म्हणून आधी हात लावून बघा. चटका बसला तर दुसरं कुंड गाठा. पाण्यात १० मिनिटं पुरेत. गरम पाण्यात बीपी उतरतो, झटकन उठलं की चक्कर येते. शुगरवाल्यांच्या पायाला कधी कधी चटका कळतच नाही, त्यांच्यासाठी घरच्यांनी पाणी बघावं. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये.

गुडघ्यांना शेक मिळतो, बरं वाटतं. पण म्हणून चालू गोळ्या बंद करू नका. आणि पावसाळ्यात तानसा फुगलेली असेल, तर नदीपात्रातल्या कुंडांकडे फिरकूच नका.