‘डॉक्टर हू’ : आठवड्याला एकच भाग



पोथी लावण्याची रीत आपणांपैकी बहुतेकांनी घरी पाहिली असेल. चातुर्मासात एखादा ग्रंथ लावला जातो, रोज अमुक अध्याय असा नेम ठरतो, आणि अध्याय संपला की पोथी बासनात बांधून ठेवतात. पुढचे कथानक ठाऊक असले तरी पाने उलटून पुढे धावायचे नसते. हा नेम केवळ शिस्तीखातर असतो असे आम्हांला वाटत नाही. ऐकलेले मनात मुरायला मधली रात्र लागते, हे जाणून आपल्या पूर्वजांनी तो घातला असावा.

आम्ही पाचसहा स्नेह्यांनी असाच एक नेम धरला. मात्र आमची पोथी निराळी होती. ‘डॉक्टर हू’ या नावाची बी.बी.सी.ची जुनी विज्ञानकथामालिका पहिल्या भागापासून क्रमाने पाहायची, शनिवारी संध्याकाळी जमायचे, आणि एकच भाग पाहून उठायचे, असे आम्ही ठरविले. हल्ली अशा मालिका एका बैठकीत दहादहा भागांनी पाहण्याची चाल पडली आहे. आमच्या घरची मुले आम्हांला हसली. तथापि या नेमाने आम्हांला जे दिसले ते त्या घाईत दिसले नसते, म्हणून ते आज आपल्यापुढे मांडीत आहो.

प्रथम मालिकेची ओळख करून देणे अवश्य आहे. एक विक्षिप्त, तापट, वृद्ध गृहस्थ आपल्या नातीसह काळातून आणि अवकाशातून प्रवास करीत असतो. त्याचे यान बाहेरून लंडनच्या रस्त्यावरील पोलिसांच्या टेलिफोनपेटीसारखे दिसते, आणि आत पाऊल टाकावे तर प्रशस्त दालन लागते. नातीच्या शाळेतील दोन शिक्षक तिच्याविषयीच्या कुतूहलाने त्या पेटीत शिरतात आणि प्रवासात ओढले जातात. त्यांपैकी एक इतिहास शिकवणारी बाई आहे, दुसरा विज्ञान शिकवणारा. ही निवड सहज झालेली नाही. कधी भूतकाळात जाऊन इतिहास सांगावा, कधी भविष्यात जाऊन विज्ञान सांगावे, आणि मुलांबरोबर वडीलधाऱ्यांनाही बसवून ठेवावे, असा कर्त्यांचा मूळ हेतू होता.

पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास प्रक्षेपित झाला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला होता, आणि लोकांचे मन दुसरीकडे असणे स्वाभाविक होते. म्हणून पुढच्या शनिवारी तोच भाग पुन्हा दाखवून त्यामागोमाग दुसरा दाखविण्यात आला. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट त्या वेळी अवघ्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे तर आपल्या लखनौत १९३८ साली जन्मलेले, लेखिका अत्तिया हुसेन यांचे चिरंजीव! इंग्रजांच्या या अस्सल इंग्रजी मालिकेचा पायाचा दगड एका स्त्रीने आणि एका भारतीय तरुणाने बसविला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता आठवड्याला एकच भाग पाहण्याने काय साधते ते सांगतो. दुसऱ्या कथेचा पहिला भाग २१ डिसेंबर १९६३ चा. त्याच्या अखेरीस शिक्षिका बार्बरा एका परक्या ग्रहावरील धातूच्या शहरात एकटी चुकते. दारे बंद होतात. समोरून काहीतरी येते, पण आपल्याला दिसतो तो फक्त टोकाला रबरी वाटी बसवलेला एक दांडा. ती भिंतीला टेकून किंचाळते, आणि भाग संपतो. ते ‘काहीतरी’ म्हणजेच पुढे जगप्रसिद्ध झालेले ‘डॅलेक’. त्याचे संपूर्ण रूप प्रेक्षकांना दिसले ते पुढच्या शनिवारी. जो लगेच दुसरा भाग लावतो त्याला ही भीती अर्धा मिनिट पुरते. आम्हांला ती सात दिवस पुरली. आमच्यातील एका गृहस्थांनी मधल्या बुधवारी, मंडईतून परतताना, तो दांडा कशाचा असावा याविषयी आपला तर्क आम्हांला रस्त्यात थांबवून सांगितला. कथेचा काही भाग पडद्यावर घडतो आणि काही भाग दोन शनिवारांच्या मध्ये, प्रेक्षकाच्या डोक्यात घडतो. मालिका रचणाऱ्यांनी ही दुसरी जागा हिशेबात धरलेली असते.

क्रमाने आणि सावकाश पाहिल्याने कामगारांचे हातही दिसू लागतात. पंचवीस मिनिटांचा एक भाग दर आठवड्याला तयार व्हावयाचा. काही दिवस तालीम, मग एका संध्याकाळी लहानशा स्टुडिओत चित्रण. चित्रफीत कापून जोडणे खर्चाचे आणि कटकटीचे असल्यामुळे प्रसंग नाटकासारखे सलग होत. त्यामुळे मुख्य नट विल्यम हार्टनेल एखाद्या वाक्यात अडखळले तर ते अडखळणे तसेच राही. वर्षभर काम चाले, म्हणून नटांना रजाही आळीपाळीने मिळे. ‘कीज ऑफ मॅरिनस’ या कथेत खुद्द डॉक्टर दोन भाग नाहीसाच होतो, कारण हार्टनेल सुटीवर होते! एका दमात पाहणाऱ्याला हे दोष वाटतील. आम्हांला मात्र हळूहळू त्या मंडळींविषयी शेजाऱ्यांसारखा जिव्हाळा वाटू लागला.

असे तेरा शनिवार गेले. चौदाव्या शनिवारी आम्ही जमलो आणि पडद्यावर चित्रच नव्हते.

यंत्र बिघडले नव्हते. मालिकेची चौथी कथा ‘मार्को पोलो’ ही सात भागांची. पामीरच्या पठारापासून कुब्लाईखानाच्या दरबारापर्यंतचा प्रवास तीत आहे. तिचा पहिला भाग २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दाखविला गेला. या सातही भागांची चित्रे पुसली गेली. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. त्या काळी चित्रफीत फार महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत असे. नटांशी झालेल्या करारांमुळे जुना कार्यक्रम पुनःपुन्हा दाखविण्यावर मर्यादा होत्या. परदेशांत विकण्यासाठी चित्रपटाच्या फिल्मवर प्रती काढल्या जात. परंतु पुढे रंगीत दूरचित्रवाणी आली आणि काळ्यापांढऱ्या कार्यक्रमांना गिऱ्हाईक उरले नाही. तेव्हा त्या प्रतीही जागा अडवतात म्हणून नष्ट करण्यात आल्या. १९६३ ते १९६९ या काळातील एकूण २५३ भागांपैकी शंभरांहून अधिक भाग असे नाहीसे झाले. यात कोणाची दुष्टबुद्धी नव्हती. कपाट रिकामे करणाऱ्या माणसाने आपले काम चोख केले, इतकेच. कोणतीही वस्तू टाकताना ती पुढे कोणाला हवी होईल हे त्या क्षणी कळत नाही, आणि नेमके हेच यातील दुःख आहे.

मग आम्ही त्या संध्याकाळी काय केले? आम्ही ‘मार्को पोलो’ ऐकला. सुदैवाने सर्वच हरवलेल्या भागांचा आवाज शिल्लक आहे. तो बी.बी.सी.ने नव्हे, प्रेक्षकांनी राखला. मालिका पुन्हा दिसणार नाही हे जाणून काही जणांनी, त्यांत शाळकरी मुलेही होती, घरच्या टेपरेकॉर्डरवर दर शनिवारी तिचा ध्वनी टिपून ठेवला. शिवाय एक छायाचित्रकार पडद्यावरील दृश्यांची छायाचित्रे काढून नटांना व दिग्दर्शकांना विकत असे. ‘मार्को पोलो’च्या सातांपैकी सहा भागांची अशी छायाचित्रे वारिस हुसेन यांच्या स्वतःच्या संग्रहात निघाली. चौथ्या भागाची नाहीत, कारण तो भाग दुसऱ्याने दिग्दर्शित केला होता. आवाज ऐकावा, छायाचित्रे एकामागून एक न्याहाळावीत, आणि उरलेले मनाने भरावे, असा तो प्रकार. दिवा मंद करून आम्ही वाळूचे वादळ ऐकले. पाहिलेल्या कित्येक भागांपेक्षा तो न पाहिलेला भाग आम्हांला अधिक स्मरतो.

हरवलेले अधूनमधून सापडतेही. ‘टूम ऑफ द सायबरमेन’ या कथेचे चारही भाग हाँगकाँगहून परत आले आणि १९९२ साली लोकांसमोर आले. २०१३ साली नायजेरियातील जोस या गावी एका दूरचित्रवाणी केंद्रात आणखी नऊ हरवलेले भाग मिळाल्याचे जाहीर झाले. परदेशी पाठविलेली प्रत कोणा एकाने फेकली नाही, म्हणून ती उरली. आळसानेही कधीकधी संस्कृतीचे रक्षण होते म्हणायचे!

आमच्या नेमाचा १३४ वा शनिवार सर्वांत अवघड गेला. अडीच वर्षे उलटून गेली होती. मूळ प्रक्षेपणात ही तारीख २९ ऑक्टोबर १९६६. हार्टनेल यांची प्रकृती ढासळली होती आणि आधीच्या भागात ते आजारपणामुळे आलेही नव्हते. नायक बदलावा तर मालिका संपते, न बदलावा तर नट थकला आहे. या पेचातून कर्त्यांनी अद्भुत वाट काढली. डॉक्टर हा परग्रहावरचा जीव, तेव्हा त्याचा कायापालटच होतो असे त्यांनी दाखविले. थकलेला म्हातारा यानाच्या जमिनीवर कोसळतो आणि त्याच्या जागी पॅट्रिक ट्राउटन यांचा चेहरा उमटतो. या एका युक्तीवर ही मालिका पुढे कित्येक दशके जगली. आणि दैवाचा खेळ असा, की हाच भाग हरवलेला आहे! फक्त कायापालटाचा तो छोटा तुकडा उरला, कारण तो मुलांच्या दुसऱ्या एका कार्यक्रमात दाखविण्यात आला होता. आम्ही भाग आवाजावर ऐकला आणि अखेरीस तो तुकडा पाहिला. अडीच वर्षे दर शनिवारी भेटणारा माणूस डोळ्यांदेखत नाहीसा झाला. त्या दिवशी चहा घेताना कोणी फारसे बोलले नाही. तो तुकडा कोणीही केव्हाही सुटा पाहू शकेल, परंतु त्याला तो फार तर गमतीचा वाटेल. त्याची किंमत आधीच्या १३३ शनिवारांत आहे.

श्रोतेहो, आपली ही व्याख्यानमालाही क्रमशःच आहे. रोज एक संध्याकाळ, रोज एक विषय, आणि मध्ये एक रात्र. उच्चारलेला शब्द हवेत विरतो. मागील पिढीची कित्येक व्याख्याने, कीर्तने, नाटकांचे प्रयोग असेच विरून गेले, आणि जे उरले ते बहुधा कोणा श्रोत्याच्या वहीमुळे उरले. जपून ठेवण्याचे काम मोठ्या संस्थांचे आहेच, पण त्यांच्यावर सोडून निश्चिंत राहता येत नाही. ज्याला एखादी गोष्ट मनापासून आवडली, त्यानेच तिची एक प्रत ठेवावी, हे त्या टेपरेकॉर्डरवाल्या मुलांनी दाखवून दिले आहे.

आणि एखादी मालिका, एखादी कादंबरी, एखादा ग्रंथ आपण हाती घ्याल तेव्हा एकदा तरी आमचा नेम करून पाहावा. एक भाग घ्यावा, आणि उरलेले बासनात बांधून ठेवावे. आमचे अजून शंभरावर शनिवार शिल्लक आहेत. येत्या शनिवारी चित्र आहे की नुसता आवाज, हे आम्ही मुद्दाम पाहून ठेवलेले नाही.