घरातली वीज (लेखांक ७) : बटणांच्या डब्यापर्यंत हिरवी वायर

मागच्या आठवड्यात एमसीबी पाहिला. आज अर्थिंग, आणि तेही जिथे ते सर्रास गाळलं जातं तिथलं, म्हणजे दिव्यांच्या बोर्डातलं.

फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीनच्या सॉकेटला वायरमन हिरवी वायर जोडतो, कारण तिथे मोठ्या पिनेची जागाच असते. जिन्यातला किंवा बाथरूमबाहेरचा नुसत्या बटणांचा बोर्ड मात्र तिच्याशिवाय बंद होतो. प्लेट प्लास्टिकची, मग अर्थिंग कशाला, असा हिशोब असतो. पण भिंतीत पुरलेला डबा पुष्कळदा पत्र्याचा असतो आणि प्लेटचे स्क्रू त्याच डब्यात आवळलेले असतात. डब्याच्या धारेने फेजचं आवरण कापलं किंवा लांब स्क्रू वायरीत घुसला, की डबा आणि स्क्रू दोन्हींत २३० व्होल्ट उतरतात. दिवा नेहमीसारखा लागत राहतो, म्हणून कुणाला संशयही येत नाही. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की धोका आणखी वाढतो.

आता आकडे बघा. डबा अर्थला जोडलेला आहे आणि त्या वाटेचा एकूण रोध ५ ओहम आहे असं धरलं, तर ४६ अँपिअर वाहतात. ६ अँपिअरचा एमसीबी लगेच किंवा काही सेकंदांत पडतो. अर्थिंग नसेल तर वीज वाट बघत थांबते. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला, तर त्याच्यातून सुमारे २३० मिलिअँपिअर जातात. जीव जायला ते पुरेसे आहेत, एमसीबीला मात्र त्याचा पत्ताही लागत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, इथे वाचवतो, पण अर्थिंग नसताना तोसुद्धा माणसाला झटका बसल्यावरच पडतो. अर्थिंग असेल तर तो दोष झाल्याक्षणी, कुणी हात लावण्याआधीच पडतो.

याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी न्यूट्रलचाच तुकडा अर्थ म्हणून डब्याला जोडलेला असतो. मला ही सवय अक्षम्य वाटते. मागे कुठे न्यूट्रल तुटला, की चालू असलेल्या दिव्यातून फेज थेट डब्यावर येतो, म्हणजे संरक्षणासाठी जोडलेली वायरच झटका देते.

नवीन वायरिंग करताना दिव्याच्या १.५ चौरस मिलिमीटर फेजबरोबर तेवढ्याच जाडीची हिरवी तांब्याची वायर प्रत्येक डब्यात न्यावी आणि डब्याच्या अर्थ-स्क्रूला पक्की आवळावी. डबा प्लास्टिकचा असला तरी ती आत आणून ठेवावी. पुढे कुणी स्टीलची प्लेट बसवली तर तिला जोडता येते. बटण फेजवरच आहे ना, हेही त्याच वेळी बघून घ्यावं. न्यूट्रलवर असेल तर दिवा बंद असतानाही होल्डरमध्ये वीज राहते.

आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबल्यावर तो पडला, म्हणून अर्थिंग ठीक आहे असं समजू नका. ते बटण आरसीसीबीची आतली यंत्रणा तपासतं आणि अर्थिंग अजिबात नसलेल्या घरातही तितकंच चोख चालतं. अर्थिंग वेगळं मोजून घ्यावं लागतं.