जंतूंच्या हातची किल्ली

राळेगाव कापसाचं. जिनिंगमध्ये रुई आणि सरकी वेगळी होते, तरी सरकीच्या अंगाला आखूड तंतू चिकटून राहतातच. ते काढले की मिळतं लिंटर, म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. गोळ्यांच्या लेपातलं इथिलसेल्युलोज लाकडाच्या लगद्यापासून करतात, तसंच अशा लिंटरपासूनही. कापसाच्या भावापलीकडे या पिकाकडे पाहावं असं मला वाटतं, ते यासाठी.

गोळीचा लेप किती मोलाचा, ते आतड्याच्या आजारात कळतं. मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडतात, रक्ताचे जुलाब होतात, तेव्हा मेसालामाइन हे औषध देतात. साध्या गोळीतून दिलं तर ते बरंचसं लहान आतड्यातच शोषलं जातं आणि व्रणापर्यंत थोडंच पोचतं. आम्लता कमी झाली की विरघळणारे लेप निघाले, पण आतड्यातली आम्लता माणसागणिक आणि आजारागणिक बदलते. काही वेळा गोळी अख्खीच बाहेर पडते. वेळेचाही भरवसा नाही. पोटभर जेवलेल्याच्या जठरात ती तासन् तास अडकते.

जंतूंचं तसं नाही. मोठ्या आतड्यात दर ग्रॅमला त्यांची संख्या दहा हजार कोटींच्या घरात असते, आणि आपल्याला न पचणारं बरंच काही ते पचवतात. गवारीच्या बियांचा डिंक त्यातलाच. मॅनोज साखरेची लांब साखळी, तिला जागोजाग गॅलॅक्टोजच्या फांद्या. ती तोडणारं विकर माणसाच्या शरीरात तयार होत नाही, जंतूंकडे असतं. पाणी लागताच गवार गम फुगतो, गोळीभोवती घट्ट जेल धरतो आणि औषध आत कोंडून ठेवतो.

हे दाखवून दिलं राळेगावच्या आग्नेयेला असलेल्या विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठात. वाय. एस. आर. कृष्णय्या आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये इंडोमेथासिनच्या गोळ्यांवर प्रयोग छापले. आधी औषधात गवार गम मिसळून, मग त्याचंच कवच दाबून बसवून. जठर आणि लहान आतड्यासारख्या द्रावणांत औषध बहुतांशी आतच राहिलं. उंदरांच्या अंधांत्रातला ऐवज मिसळताच ते सुटू लागलं. उंदरांना आधी सात दिवस गवार गम पाजला होता, तेव्हा तर अधिकच सुटलं, कारण तो पचवणारी विकरं जंतूंनी वाढवली होती. मला या साऱ्या विषयात हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो: कुलूप आपण घालायचं आणि किल्ली जंतूंनी घडवायची.

मात्र पातळ लेपाला निव्वळ डिंक पुरत नाही. तो फुगतो आणि औषध वाटेतच झिरपतं. म्हणून इंग्लंडमधल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात स्टार्चमधलं अमायलोज इथिलसेल्युलोजमध्ये मिसळलं. इथिलसेल्युलोज पाण्यात विरघळत नाही, ते अमायलोजला फुगू देत नाही. मोठ्या आतड्यात जंतू अमायलोज खातात, लेपाला छिद्रं पडतात आणि औषध बाहेर येतं. सरकीवरच्या तंतूचं सेल्युलोज इथे कामाला येतं.

अडचणी खऱ्या आहेत. अँटिबायोटिक घेतलेल्या रुग्णाच्या आतड्यात जंतू घटलेले असू शकतात, मग कवच उशिरा उघडेल. झाडाचा डिंक जमीन आणि हंगामाप्रमाणे बदलतो, त्यामुळे प्रत्येक खेपेची चिकटाई आणि ओलावा तपासावा लागतो. शिवाय जे जंतूंचं अन्न, ते पोत्यातही अन्नच. दमट गोदामात ठेवलेला डिंक गोळीत जाण्याआधीच नासतो. चांगल्या कवचाची सुरुवात कोरड्या, स्वच्छ साठवणीपासून होते.