दृष्टीआडचे मूल

दुसऱ्याचे मूल आपल्या घरी वाढविणे ही गोष्ट आपल्या देशाला नवी नाही. देवकीचा कान्हा यशोदेच्या अंगणात वाढला आणि कुंतीचा कर्ण राधेच्या मांडीवर. आजही आईबापांविना पडलेले पोर मामाच्या किंवा आत्याच्या घरी लहानाचे मोठे होते. त्याच्यावर देखरेख ठेवण्यासाठी तेथे कोणी अधिकारी नेमलेला नसतो. परंतु पाणी भरणाऱ्या बायका, शाळेतील मास्तर, ओटीवर बसलेली वडीलधारी मंडळी यांची नजर त्या पोरावर असते. ही नजर नेहमीच पुरी पडते असे नाही. पण पोर वाळले, गप्प गप्प राहू लागले, तर निदान कुजबुज तरी होते.

जेथे मूल परक्या घरी सोपविण्याचे काम एखादी नगरपालिका करते, आणि ते घर वस्तीपासून दूर असते, तेथे ही नजर मुद्दाम निर्माण करावी लागते. त्यासाठी पगारी कार्यकर्ते नेमावे लागतात, आणि त्या कार्यकर्त्यांवर पर्यवेक्षक नेमावे लागतात. या दुसऱ्या कामाविषयी, म्हणजे पाहणाऱ्यांकडे पाहण्याच्या कामाविषयी, आज मी बोलणार आहे. त्यासाठी इंग्लंडचे उदाहरण घेतो. कारण हे काम नीट न झाल्यास काय होते, याचे शिक्षण त्या देशाला फार महाग पडले.

ज्या मुलाला स्वतःच्या घरी ठेवणे धोक्याचे झाले आहे, त्याला संस्थेत न धाडता दुसऱ्या कुटुंबात ठेवावयाचे, त्या कुटुंबाला खर्चासाठी रक्कम द्यावयाची, आणि मुलाची जबाबदारी मात्र शासनाने आपल्याकडेच ठेवावयाची, या व्यवस्थेला तिकडे फॉस्टर केअर म्हणतात. आपण तिला प्रतिपालन म्हणू. दत्तकविधानाहून ही गोष्ट वेगळी. दत्तक गेलेले मूल त्या घरचे होते. प्रतिपालनातले मूल त्या घरात राहते, पण ते सोपविलेले असते. सोपविलेल्या वस्तूची चौकशी करणे हे सोपविणाऱ्याचे कर्तव्यच ठरते. मग सोपविलेल्या जिवाविषयी काय बोलावे?

आता १९४५ सालाकडे वळू. दक्षिण वेल्समधील न्यूपोर्ट या नगरपालिकेच्या ताब्यात डेनिस ओनील नावाचा एक मुलगा होता. १९४४ च्या उन्हाळ्यात त्याला व त्याच्या धाकट्या भावाला श्रॉपशायर कौंटीतील मिन्स्टर्लीजवळच्या एका एकाकी शेतावर प्रतिपालनासाठी ठेवण्यात आले. हे शेत न्यूपोर्टच्या हद्दीबाहेर होते. दोन्ही कचेऱ्यांत पत्रव्यवहार झाला. परंतु देखरेख नेमकी कोणी करावयाची याविषयी गैरसमज राहिला. डिसेंबरमध्ये न्यूपोर्टच्या कचेरीतील एक स्त्री कर्मचारी शेतावर जाऊन आली. मुलांना येथून हलवावे, असे तिला वाटले. परंतु तिला तसे वाटणे आणि मुले प्रत्यक्ष हलणे, या दोहोंमध्ये कचेरी होती आणि नाताळची सुटी होती. ९ जानेवारी १९४५ रोजी डेनिस मरण पावला. तो बारा वर्षांचा होता. मारहाण आणि उपासमार यांनी त्याचा बळी घेतला होता. त्याच्या धाकट्या भावाने न्यायालयात साक्ष दिली आणि प्रतिपालक पित्याला मनुष्यवधाच्या गुन्ह्याबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली.

सर वॉल्टर माँक्टन यांनी या प्रकरणाची चौकशी केली. तिचे सार एवढेच, की मुलाविषयीचे कर्तव्य हे व्यक्तिगत कर्तव्य आहे. ते कागदाबरोबर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकविता येत नाही. पुढे १९४६ साली मायरा कर्टिस यांच्या समितीने आपला अहवाल दिला, आणि १९४८ च्या बालकविषयक कायद्याने प्रत्येक कौंटीला मुलांसाठी स्वतंत्र समिती व स्वतंत्र अधिकारी नेमणे भाग पाडले. आपण ज्या माध्यमातून भेटत आहोत, त्या नभोवाणीशीही या घटनेचा एक धागा जुळतो. या प्रकरणाची छाया ज्या कथानकावर आहे, ती अगाथा ख्रिस्तीची नाटिका १९४७ साली बीबीसीवरून प्रथम ध्वनिक्षेपित झाली. तिचेच पुढे झालेले रंगभूमीवरील रूप, ‘द माउसट्रॅप’, लंडनमध्ये १९५२ पासून दशकानुदशके चालत आले आहे.

त्यानंतर कायदे अनेक वेळा बदलले. आज इंग्लंडमध्ये नियम असा आहे, की मूल नव्या घरी गेल्यावर कार्यकर्त्याने पहिल्या आठवड्याच्या आत त्याला भेटले पाहिजे, आणि पहिल्या वर्षात दोन भेटींमध्ये सहा आठवड्यांहून अधिक अंतर पडता कामा नये. भेटीत मुलाशी एकांतात बोलावयाचे असते. समजत्या मुलाने स्वतःच नकार दिला तर गोष्ट वेगळी. मार्च २०२४ अखेर इंग्लंडमधील स्थानिक शासनांच्या देखरेखीखाली सुमारे ८३ हजार मुले होती आणि त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश मुले प्रतिपालक कुटुंबांत होती. इतक्या मुलांना पाहावयाचे म्हणजे किती पावले, किती दारे आणि किती नोंदी, याची कल्पना आपणांस सहज येईल.

नियम झाले म्हणजे काम झाले, असे कोणास वाटेल. पण भेट झाली याची नोंद म्हणजे मूल दिसले असे नव्हे. येथेच पर्यवेक्षकाचे काम सुरू होते. त्याची अडचण अशी, की तो मुलाला बहुधा पाहतच नाही. त्याच्यासमोर येते ती फाइल, आणि फाइल लिहिणारा कार्यकर्ता. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावयाचे, आणि त्या डोळ्यांवर कधी झापड येते हेही ओळखावयाचे, असे हे दुहेरी काम आहे.

अमेरिकेतील समाजकार्याचे अभ्यासक आल्फ्रेड कादुशिन यांनी १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पर्यवेक्षणाची तीन अंगे सांगितली: प्रशासनाचे, शिक्षणाचे आणि आधाराचे. भेटी वेळेवर होतात की नाही, ठरलेली कामे पार पडली की नाही, हे पाहणे पहिल्या अंगात येते. कार्यकर्त्याची समज वाढविणे दुसऱ्यात. आणि रोज दुःख पाहून थकलेल्या माणसाला उभे ठेवणे तिसऱ्यात. यांतील एकच अंग घट्ट धरले की काम बिघडते. केवळ हिशेब मागणाऱ्याला कार्यकर्ते केवळ हिशेब देतात. केवळ पाठ थोपटणाऱ्याच्या हाताखाली चुका सुखाने नांदतात.

या कामाचे स्वरूप ध्यानी यावे म्हणून एक कल्पित प्रसंग सांगतो. महिन्याची ठरलेली बैठक आहे. दार लावलेले आहे, दूरध्वनी बाजूला ठेवला आहे. कार्यकर्ती म्हणते, “त्या आठ वर्षांच्या मुलाचे ठीक चालले आहे. घर चांगले आहे.” पर्यवेक्षिका विचारते, “ठीक आहे हे तुम्हांला कोणी सांगितले?” उत्तर येते, “घरच्या बाईंनी.” “आणि मुलाने?” कार्यकर्ती थबकते. मागच्या दोन्ही भेटींत बाईंनी चहा केला, बोलणे स्वयंपाकघरातच झाले, आणि मूल आतबाहेर करीत राहिले. एकांतात बोलणे झालेच नाही. नोंदीत मात्र लिहिले आहे: मुलास पाहिले, मूल आनंदी.

येथे पर्यवेक्षिका रागावली तर पुढच्या महिन्यापासून नोंदी अधिक सुबक होतील, एवढेच. म्हणून ती पुढचा प्रश्न विचारते: “त्या घरी गेल्यावर तुम्हांला स्वतःला कसे वाटते?” तेव्हा हळूहळू खरी गोष्ट बाहेर येते. त्या बाईंनी यापूर्वी अवघड मुले सांभाळली आहेत. प्रतिपालक घरे मिळत नाहीत. बाईंना संशय आल्यासारखे वाटले आणि त्यांनी मूल परत केले, तर त्याला न्यावयाचे कोठे? म्हणजे कार्यकर्तीला जे दिसत नव्हते, ते न दिसण्यामागे भीती होती. पुढच्या भेटीला पर्यवेक्षिका बरोबर जाते. ती बाईंशी बोलत बसते आणि कार्यकर्ती मुलाला घेऊन बाहेर फिरून येते. वाटेत मूल विचारते, “माझ्या बहिणीची भेट का बंद झाली?” भेट बंद झाल्याचे कोणाच्याच नोंदीत नव्हते. घर वाईट नव्हते, बाईही वाईट नव्हत्या. पण एक मूल तीन महिने एक प्रश्न मनात धरून बसले होते आणि तो ऐकायला कोणी एकटे भेटले नव्हते.

कार्यकर्त्यांच्या या मनःस्थितीचा अभ्यास झालेला आहे. डिंगवॉल, ईकेलार आणि मरे या तिघा संशोधकांनी १९८३ साली तिला ‘आशावादाचा नियम’ असे नाव दिले. पालकांच्या वागण्याचा शक्य तितका चांगला अर्थ लावण्याकडे या व्यवस्थेचाच कल असतो, असे त्यांना आढळले. हा दोष दुष्टपणाचा नव्हे. किंबहुना माणसावर विश्वास ठेवल्याखेरीज हे काम करताच येत नाही. म्हणूनच त्या विश्वासाला अधूनमधून प्रश्न विचारणारे दुसरे कोणी असावे लागते.

दुसरा धोका वाटणीचा. इंग्लंडमध्ये आज मुलासाठी एक कार्यकर्ता असतो आणि प्रतिपालक कुटुंबासाठी दुसरा. ही योजना चांगली आहे, कारण एकाच माणसाला दोन्ही बाजू सांभाळता येत नाहीत. पण दोघांनाही ‘दुसऱ्याने पाहिले असेल’ असे वाटू लागले, की न्यूपोर्ट आणि श्रॉपशायर एकाच इमारतीत नांदू लागतात.

फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये व्हिक्टोरिया क्लिंबिए ही आठ वर्षांची मुलगी नातेवाईक स्त्रीच्या ताब्यात असताना छळाने मरण पावली. ती शासनाने प्रतिपालनास ठेवलेली नव्हती. परंतु चार स्थानिक शासनांच्या समाजसेवा विभागांना, दोन रुग्णालयांना आणि पोलिसांना ती ठाऊक होती. लॉर्ड लॅमिंग यांनी २००३ साली दिलेल्या चौकशी अहवालात १०८ शिफारशी होत्या. त्यांतील एक अशी, की वरिष्ठ अधिकाऱ्यांनी दर तीन महिन्यांनी निदान एकदा, हाताला येतील त्या फाइली आणि पर्यवेक्षणाच्या बैठकींची टिपणे काढून स्वतः तपासावीत. पाहणाऱ्याला पाहणाऱ्याकडेही कोणी पाहावे, असा याचा अर्थ. म्हणजे ही साखळी वरपर्यंत जाते, आणि तिची कोणतीही कडी ‘हे माझे काम नव्हे’ असे म्हणू शकत नाही.

येथे कार्यकर्त्याची बाजूही सांगितली पाहिजे. हाती मुले फार झाली की उत्तम कार्यकर्त्यालाही केवळ धावपळ उरते. म्हणून नवी कामे नाकारण्याचे धैर्य पर्यवेक्षकाला दाखवावे लागते, आणि तेही वरिष्ठांसमोर. नवशिक्यांसाठी इंग्लंडमध्ये २०१२ पासून एक वर्षाची उमेदवारीची योजना आहे. तिच्यात पहिले सहा आठवडे दर आठवड्याला, नंतर सहा महिने होईपर्यंत दर पंधरवड्याला, आणि पुढे महिन्यातून एकदा अशा बैठका सुचविलेल्या आहेत. शिवाय कार्यकर्ते नोकरी सोडून जातात आणि मुलाला पुन्हा नव्या माणसासमोर आपली कथा उघडावी लागते. अशा वेळी त्या मुलाची स्मृती जर कचेरीत कोठे टिकत असेल, तर ती पर्यवेक्षकापाशी.

हा सारा विषय आपल्याला परका नाही. मुंबईत १९३६ साली स्थापन झालेली समाजकार्याची पदव्युत्तर शाळा, म्हणजेच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, गेली कित्येक दशके अशा कामाचे शिक्षण देत आली आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यातील ४४ व्या कलमाने प्रतिपालनाला देशभर स्थान दिले, आणि बाल कल्याण समितीने प्रतिपालक कुटुंबांची दरमहा पाहणी करावी असे त्यात सांगितले. त्यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे २०१६ साली निघाली आणि २०२४ साली सुधारली गेली. प्रत्यक्ष काम जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे येते. दरमहा पाहणी हा शब्द कायद्यात सुंदर दिसतो. पण ती पाहणी करणाऱ्या माणसाजवळ बसून, “तुम्ही त्या मुलाशी एकटे बोललात का?” असे दरमहा विचारणारे कोणी असेल, तरच त्या शब्दाला डोळे फुटतील.

आपल्याकडे म्हण आहे: दृष्टीआड सृष्टी. जे दिसत नाही त्याची चिंता करू नये, असा तिचा व्यवहारी अर्थ. संसारात तो पुष्कळदा उपयोगी पडतो. परंतु मूल दुसऱ्याच्या हाती सोपविणाऱ्याला या म्हणीचा आधार घेता येत नाही. श्रॉपशायरच्या त्या शेतावर एक स्त्री गेली होती आणि तिने पाहिलेही होते. तिच्या कचेरीत त्याच दिवशी कोणी तिला समोर बसवून “आपण काय पाहिले ते सांगा” असे विचारले असते, तर नाताळची सुटी आडवी आली नसती. हा प्रश्न वेळेवर विचारणे आणि उत्तर ऐकून लगेच उठणे, यासाठीच पर्यवेक्षकाची खुर्ची असते.