खताच्या गोणीवरचा मजकूर वाचा

कुंभवलीच्या एका वाचकांनी विचारले आहे, ‘डॉक्टर, टेम्पोवाला निम्म्या भावात काळे, ओलसर सेंद्रिय खत परसात आणून टाकतो. माठ, पालक जोमाने येतो. तो घरातल्या मुलांना खाऊ घालावा का?’

हे खत कुठून आले, ते कळेपर्यंत घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भाजी जोमाने वाढली म्हणजे ती निर्दोष, असे होत नाही. शेणखत, गांडूळखत यांना मी नावे ठेवत नाही. पण कुंभवलीच्या शेजारीच तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या निर्देशांकात ती देशात सर्वांत वरच्या क्रमांकावर होती. अशा ठिकाणी काळी, ओलसर, स्वस्त वस्तू खतच असेल असे धरून चालू नये. सांडपाणी शुद्ध केल्यावर उरणारा रासायनिक गाळही तसाच दिसतो. कायद्याने तो घातक कचरा आहे आणि त्याची विल्हेवाट परवानाधारक केंद्रातच लावावी लागते.

अशा गाळात शिसे, कॅडमियम, क्रोमियम असे जड धातू असू शकतात. शेणातले जंतू खत नीट कुजले की बहुतांशी मरतात. धातू मात्र कुजत नाहीत, जळत नाहीत, भाजी उकळूनही जात नाहीत. पालेभाज्या आणि भात कॅडमियम सहज शोषून घेतात, आम्लधर्मी जमिनीत तर अधिकच. पोटात गेलेले कॅडमियम मूत्रपिंडात साचते आणि दहा-वीस वर्षे तिथेच राहते. जपानमध्ये तोयामा भागात खाणीचे पाणी नदीतून भातशेतीत शिरले. तो भात खाणाऱ्यांची, विशेषतः वयस्क बायकांची, हाडे इतकी ठिसूळ झाली की लोकांनी त्या आजाराला ‘दुखतंय-दुखतंय’ असेच नाव दिले. कॅडमियममुळे होणारा आजार म्हणून सरकारने तो १९६८ साली मान्य केला. शिशाचा मारा मुलांच्या मेंदूवर होतो. पोर अभ्यासात मागे का पडते, हे आईबापांना कळतही नाही.

आपल्याकडे खत नियंत्रण आदेश १९८५ पासून आहे. सेंद्रिय खते त्यात २००६ साली आली. कंपोस्ट व गांडूळखताच्या एका किलोत कॅडमियम ५, क्रोमियम ५० आणि शिसे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, अशी त्यात मर्यादा आहे. विक्रेत्याने पावती द्यायची असते. कृषी खात्याच्या खत निरीक्षकाला नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवण्याचा अधिकार आहे. आदेश मोडणाऱ्याला जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली तुरुंगवासही होऊ शकतो. कायदा कागदावर चांगला आहे. पण तो चालतो विक्रेत्याच्या पावतीवर आणि गोणीवरच्या नावावर. टेम्पोवाल्याजवळ यातले काहीच नसते, मग निरीक्षकाने पकडायचे कोणाला?

तेव्हा गोणीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, वजन आणि घटकांचे प्रमाण छापलेले आहे का, ते पाहा. पावती मागा. ती द्यायला कोणी कां-कूं केली तर माल परत न्यायला सांगा. परसात टाकलेले खत उपसून ओढ्यात फेकू नका. ते प्लास्टिकने झाकून ठेवा, मुलांना तिकडे खेळू देऊ नका आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करून नमुना तपासायला सांगा. रासायनिक वास येत असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळालाही कळवा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. अहवाल येईपर्यंत त्या वाफ्यातली भाजी घरी खाऊ नका, बाजारातही नेऊ नका.