सहा सुताचं भोक

गेल्या उन्हाळ्यात माझ्या लॉन ट्रॅक्टरचं पुढचं डावं चाक डुगडुगायला लागलं. ओहायोत आमच्या घरामागे एकरभर गवत आहे, आणि बसून चालवायचं हे यंत्र बंद पडलं की शनिवार-रविवार गवतातच जातो. चाक काढलं. आतल्या प्लॅस्टिकच्या बुशचं भोक चांगलंच सैल झालं होतं.

शेजारच्या मुलानं एका नजरेत निकाल दिला: बुश फेका, बेअरिंग बसवा. हा जुने लॉन ट्रॅक्टर विकत घेतो, पाती काढतो, पुली बदलून वेग वाढवतो आणि शर्यतीला नेतो. खूळ म्हणाल, तर इंग्लंडमध्ये ते १९७३ पासूनचं. तिथल्या विस्बरो ग्रीन गावात ते सुरू झालं आणि स्टर्लिंग मॉससारखा नावाजलेला रेसरही त्यात उतरला होता.

रात्री सांगलीला फोन लावला. बाबांची सारी हयात लेथवर गेली.

“भोक केवढं?”

“पाऊण इंच.”

“म्हणजे सहा सूत. बाहेरून?”

“एक इंच तीन सूत.”

“आणि पळतो किती?”

प्रश्न बरोब्बर होता. बुश म्हणजे साधी नळी. ती ॲक्सलवर घासत फिरते. बेअरिंगमध्ये गोळ्या लोळतात, म्हणून घर्षण कमी. पण माझा ट्रॅक्टर ताशी आठ किलोमीटरनं चालतो. पंधरा इंची चाक मिनिटाला एकशेदहा-बारा फेरे घेतं, म्हणजे बुश ॲक्सलवर मिनिटाला साडेसहा मीटरच घासतो. एवढ्यानं तापतंय काय? शर्यतीत ताशी चौसष्ट किलोमीटर गाठले, तर हेच अंतर पन्नास मीटरच्या पुढे जातं. तिथे प्लॅस्टिक मऊ पडतं, त्यामुळे त्या मुलाचं त्याच्यापुरतं बरोबर होतं.

चिखलात पळवायच्या गाडीचं मात्र वेगळं. स्वस्त बेअरिंगच्या रबरी सीलमधून पाणी शिरतं, गोळ्या गंजतात, आणि बेअरिंग जाम झालं की आतली रिंगच ॲक्सलवर फिरून तो खाऊ लागते. बुशला ग्रीस निपल असेल, तर नवं ग्रीस मारून घाण बाहेर ढकलता येते. हे काम कंटाळवाणं, म्हणून कुणी करत नाही.

मीही केलं नव्हतं. “ॲक्सल खालून चाचपलास का?” बाबांनी विचारलं. बोट फिरवलं, तर खालच्या अंगाला नखाला लागेल एवढी पायरी! ॲक्सल फिरत नाही, भार कायम एकाच बाजूला येतो. चाकाबरोबर फिरणारा बुश चहूकडून सारखा झिजतो, ॲक्सल फक्त खालून. त्यातून मऊ प्लॅस्टिकमध्ये वाळूचे कण रुतले की बुशची कानस होते.

म्हणजे अशा ॲक्सलवर भारीतलं बेअरिंग बसवलं असतं, तरी चाक डुगडुगलंच असतं. ॲक्सलसकट स्पिंडल बदलला. त्यावर दाबलेल्या ब्राँझ भुकटीचे बुश घातले. त्यांच्या बारीक छिद्रांतच तेल भरलेलं असतं. हौसेनं आणून ठेवलेली बेअरिंग्ज शेजारच्या मुलाला दिली. त्यानं लगेच विचारलं, जुना स्पिंडल टाकणार आहात का?