लाकडी कुंडीचा खरा शत्रू

झाशीच्या सिव्हिल लाइन्समध्ये मे महिन्याच्या दुपारी अंगणात पाऊल टाकावे, म्हणजे लू कशाला म्हणतात ते सांगावे लागत नाही. पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. महिना-दीड महिन्याने तेच अंगण पावसाने चिंब होते. माणूस घरात आसरा घेतो. दारापुढील लाकडी कुंडी मात्र दोन्ही ऋतू उघड्यावर सोसते. मुलांनी सुटीत हौसेने फळ्या जोडून केलेली कुंडी दोन-तीन वर्षांतच कुजलेली पाहून कोणाला हळहळ वाटणार नाही?

वाचकहो, या कुंडीचा खरा शत्रू पाऊस नव्हे, साचून राहणारी ओल होय. लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला, तरच त्याला कुजविणारी बुरशी वाढते. पाऊस थांबला की कुंडीची बाहेरील बाजू वाऱ्याने सुकते. आतील बाजू मात्र ओल्या मातीला सदैव टेकलेली असते. अशा कुंडीला केवळ बाहेरून रंग देणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!

म्हणून प्रथम कुंडी विटांवर ठेवून जमिनीपासून उचलावी. तिच्याखालून वारा खेळेल आणि वाळवीची वाटही दृष्टीस पडेल. तळाला पाणी निघून जाण्यास भोके हवीत. आतून चारही बाजूंस जाड प्लास्टिकचा कागद लावावा, तळ मात्र मोकळा सोडावा. त्याहून सोपा उपाय म्हणजे झाड मातीच्या कुंडीत लावून ती लाकडी कुंडीत ठेवणे. लाकूड शक्यतो सागाचे घ्यावे. लोखंडी खिळे गंजतात व लाकडावर काळे डाग पाडतात. त्यांऐवजी पितळी स्क्रू वापरावे.

बाहेरून जवसाचे तेल उत्तम. बुंदेलखंडात जवस पिकतेच. पावसाळ्यापूर्वी एकदा व दसरा-दिवाळीच्या सुमारास एकदा, कोरड्या लाकडावर तेलाचा पातळ हात द्यावा. फळ्यांची टोके सर्वाधिक पाणी शोषतात. तेथे दोन-तीन हात द्यावेत. उन्हाने लाकूड करडे झाले तर भिऊ नये. तो बदल केवळ पृष्ठभागाचा असतो.

येथे एक इशारा अवश्य लक्षात ठेवावा. हे तेल हवेतील प्राणवायू घेऊन वाळते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला, तर तो आपोआप पेटू शकतो. अशा चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

दुसरा प्रश्न आरोग्याचा आहे. देहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या संयुगांचे लाकूड टिकविणारे मिश्रण सिद्ध केले. ते जगभर वापरले गेले. पण आर्सेनिक हे विष. म्हणून अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती उपयोगाच्या बहुतेक लाकडासाठी त्याचा वापर थांबविण्यात आला. झाशी हे रेल्वेचे गाव. रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर कोठे मिळाले, तर मोह होईल. परंतु पुष्कळदा ते डांबरापासून काढलेल्या क्रिओसोट तेलाने मुरविलेले असतात, आणि ते तेल प्रकृतीस घातक असते. अशा लाकडात कोथिंबीर वा मेथी कदापि लावू नये.

कुंडी टिकावी ही इच्छा योग्यच आहे. पण तिच्यातील पाला घरातील मुलांच्या ताटात जाणार आहे, हे तिला हात लावण्यापूर्वी आठवावे.